गिरणीच्या जमिनीचे वाढीव मोल कोणाचे?

मालकाने बोटही न हलवता जमिनीची किंमत वाढली, तर त्या वाढीवर नैतिक हक्क कोणाचा, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. मुंबईच्या गिरणगावात तो पुस्तकातून उतरून थेट मिळकत पत्रिकेवर आला. लालबाग, परळ, वरळी, भायखळा, शिवडी या पट्ट्यात पन्नासहून अधिक कापड गिरण्यांच्या ताब्यात सुमारे ६०० एकर जमीन होती. सूत निघत होते तोवर ही जमीन म्हणजे साचे (माग) आणि बॉयलर उभे करण्याची जागा होती. सूत थांबले आणि तीच जमीन गिरणीपेक्षा कितीतरी मोलाची ठरली. दादरच्या कोहिनूर गिरणीची जमीन २००५ मध्ये ४२१ कोटी रुपयांना विकली गेली. त्याच सुमारास विकलेल्या मुंबई टेक्सटाइल मिलला ७०२ कोटी रुपये मिळाले. हा पैसा कापड विणून आलेला नव्हता.

शहराचा मोडकळीला आलेला भाग पुन्हा उभा करायचा, तिथे नवे उद्योग आणायचे, जुन्या कामगारांना नवे काम शिकवायचे, यासाठी जगभरची सरकारे तिजोरीतून अनुदान देतात, करात सवलत देतात, प्रशिक्षणाचा खर्च उचलतात. गिरणगावात तिजोरीतून फारसे काही गेले नाही. सरकारने दिली ती परवानगी. औद्योगिक वापराच्या जमिनीवर दुकाने, कचेऱ्या आणि घरे बांधायला मुभा मिळाली, आणि त्यासोबत चटईक्षेत्र निर्देशांकाचे, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात किती बांधकाम करता येईल याचे, गणित मिळाले. अर्थसंकल्पात या देण्याची नोंद कुठल्याच शीर्षाखाली सापडत नाही, म्हणून ते देणे आहे असे कोणाला वाटत नाही. वस्तुतः ते रोख अनुदानाहून मोठे असू शकते. जो वापर काल बेकायदा होता तो आज कायदेशीर होतो, आणि एका अधिसूचनेने जमिनीचे मोल अनेक पटींनी वाढते. तेव्हा देणाऱ्याने कोणत्या अटी घालाव्यात आणि कोणाच्या वतीने, हे विचारणे क्रमप्राप्त आहे.

त्याआधी हे मोल घडले कसे हे पाहावे लागते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या गिरणीचा उद्योग मांडला. पुढच्या अर्धशतकात रत्नागिरीतून, तसेच सातारा आणि घाटावरच्या इतर जिल्ह्यांतून माणसे आली. गिरण्या आणि वस्ती दोन्ही दाट झाल्या. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारने १८९८ मध्ये सुधारणा न्यास स्थापन केला, रस्ते रुंद केले, चाळी बांधल्या. १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला ज्या चाळी उभ्या केल्या त्या आजही बीडीडी चाळी म्हणून ओळखल्या जातात. त्यांच्या खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठींवर जकात बसवली होती. एका खोलीत दहा-पंधरा माणसे पाळीपाळीने झोपत. त्यांच्या जेवणाची सोय खानावळवाल्या बाया करीत, महिनाअखेरीच्या हिशेबावर. रेल्वे, ट्रामचे रूळ, पाण्याचे नळ, गटारे, दवाखाने, शाळा यांतले गिरणीमालकाने बांधलेले थोडे, महापालिकेने आणि सरकारने बांधलेले पुष्कळ. परळची जमीन परळमध्ये आहे म्हणून महाग आहे, आणि परळ म्हणजे ही सगळी बेरीज.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, पण बहुतेक ठिकाणी यंत्रे जुनी होती आणि गिरणी चालवण्यापेक्षा बंद ठेवणे स्वस्त पडू लागले होते. संपाने गिरण्या मारल्या की मरणाऱ्या गिरण्यांना संपाचे निमित्त मिळाले, हा वाद इतिहासकारांचा आहे. इथे महत्त्वाचे एवढेच की यानंतर गिरणी ही संपत्ती राहिली नाही, तिच्याखालची जमीन झाली.

या वाढीवर पहिला दावा श्रमाचा. ज्याने जंगल तोडून खुंट उपटले त्याचे शेत, असा दाखला मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात येतो. वादाचा विषय तिथे निराळाच आहे, तरी मालकी श्रमातून उगवते ही कल्पना किती जुनी आहे ते त्यातून दिसते. जॉन लॉकने १६८९ मध्ये हाच विचार राज्यशास्त्राच्या पायाशी ठेवला: माणूस निसर्गात आपले कष्ट मिसळतो, आणि म्हणून फळ त्याचे. गिरणगावातल्या सभांमध्ये शंभर वर्षे हे वेगवेगळ्या शब्दांत बोलले गेले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सत्यशोधकी विचारातून मिलहँड्स असोसिएशन उभी केली, १९२८ मध्ये लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन आली. मार्ग वेगळे होते, पण कष्टकऱ्याचा वाटा त्याला मिळालाच पाहिजे यावर दोघांचे एकमत होते.

श्रमाचा दावा मनाला लगेच पटतो, म्हणूनच तो तपासून घ्यायला हवा. पहिली अडचण अशी की श्रम करणाऱ्याला श्रमाने घडलेल्या वस्तूवर हक्क मिळतो. साच्यावर उभ्या माणसाने कापड घडवले, जमीन घडवली नाही. जमिनीचे मोल त्याच्या कष्टातून थोडे आले, शहराच्या वाढीतून बरेच. दुसरी अडचण अधिक बोचरी आहे. कष्ट कोणाचे मोजायचे? विणकाम खात्यात धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्या सुताला दुसऱ्याचे तोंड लागणार, या कारणावरून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत, आणि मजुरी तर त्याच खात्यात चांगली होती. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. मालकाविरुद्ध एकजूट मागणाऱ्यांना आपल्याच ओळीतली फट मिटवायची घाई नव्हती. बायकांचेही तसेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिळे भरण्याच्या खात्यात त्या मोठ्या संख्येने होत्या, पुढे यंत्रे आणि पाळ्या बदलत गेल्या तशा त्या हजेरीपत्रकावरून गळत गेल्या. खानावळवाल्या तर त्या पत्रकावर कधीच नव्हत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले तेव्हा कुठे या कामाला काम म्हणून नाव मिळाले. श्रमावर उभा केलेला हक्क हजेरीपत्रकापाशी येऊन थांबतो, आणि हजेरीपत्रक कोणी लिहिले हा प्रश्न शिल्लक राहतो.

दुसरा दावा समाजाचा. जमीनमालक झोपेत असताना श्रीमंत होतो, तेव्हा ती श्रीमंती इतरांच्या जागेपणातून येते, हे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज उदारमतवाद्यांना जाणवले होते. जॉन स्टुअर्ट मिल यांनी जमिनीच्या अशा अनर्जित वाढीवर कर बसवावा असे सुचवले. हेन्री जॉर्ज या अमेरिकन लेखकाने १८७९ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि बाकीचे सगळे कर उठवून फक्त जमिनीच्या मोलावर कर ठेवावा असे म्हटले. त्याचे अर्थशास्त्र पुढे मोडीत निघाले असे पुष्कळांना वाटते, पण मूळ मुद्दा खोडणे अवघड आहे: जे मूल्य सगळ्यांनी मिळून निर्माण केले ते एकाच्या खिशात का जावे?

समाजाचा म्हणजे सरकारचा, असे मानले तर तेही घाईचे होईल. इथे भारतीय परंपरेतला एक वाद उपयोगी पडतो, आणि तो यज्ञशाळेत सुरू होतो. विश्वजित यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दान करायचे असते. यजमान राजा असेल तर त्याने पृथ्वीही दान करावी का? जैमिनीच्या मीमांसासूत्रांचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे, कारण भूमी सर्वांची सारखीच आहे. शबरस्वामींच्या भाष्यात याचा उलगडा होतो: राजाकडे रक्षणाचे काम असते, त्याबद्दल तो पिकाचा भाग घेतो, तेवढ्याने जमीन त्याच्या मालकीची होत नाही. नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात व्यवहारमयूखात याच धाग्यावरून सांगितले की गावोगावच्या जमिनी ज्याच्या त्याच्या आहेत आणि राजाचा अधिकार कर घेण्यापुरता आहे. मयूख हा मुंबई इलाख्यात हिंदू कायद्याचा मान्य आधार होता, न्यायालये त्याचे दाखले देत, आणि पां. वा. काणे यांनी त्याची संपादित आवृत्ती काढली. म्हणजे हा विचार पोथीत पडून नव्हता. त्याचा गिरणगावाला लागू पडणारा अर्थ असा: जमिनीचे मोल सगळ्यांच्या वतीने सांभाळायला सरकार आहे, ते कोणाला बहाल करायला नाही. जमीन वापराची परवानगी देताना सरकार स्वतःचे काही देत नसते, त्यामुळे उदार होण्याचा अधिकारही त्याला नसतो.

तिसरा दावा मालकाचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये मांडले की मालमत्ता कायदेशीर मार्गाने मिळाली आणि कायदेशीर मार्गाने हातोहात आली असेल तर तिच्या वाढीचा हिशेब मागण्याचा इतरांना अधिकार नाही. मालक म्हणतात, जमीन पणजोबांनी विकत घेतली, तोटा आमचा झाला, बँकांची देणी आमच्या नावावर आहेत. तोटा आमचा तर नफाही आमचाच. यात तथ्य आहे, फक्त दोन गाठी सुटत नाहीत. काही गिरण्यांच्या जमिनी मुळात भाडेपट्ट्याच्या होत्या, उद्योगासाठी दिलेल्या. आणि ज्या विकत घेतलेल्या होत्या त्यांवरही औद्योगिक वापराचे बंधन होते. मालकाने जे विकत घेतले ते बंधनासह घेतले. बंधन उठवण्यातून येणारे मोल त्याने कधीच विकत घेतलेले नव्हते. नोझिकच्या कसोटीवर घासले तरी वाढीव भाग आपोआप मालकाचा ठरत नाही. गांधीजींचा विश्वस्ताचा विचार या कोंडीतून वाट काढू पाहतो: मालकी राहू द्या, पण मालकाने स्वतःला राखणदार समजावे. मालकाच्या सद्बुद्धीवर सोपवलेली ही व्यवस्था परळमध्ये कोणी आजमावलेली दिसत नाही.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ हा या तिन्ही दाव्यांचा एक प्रकारचा तह होता. गिरणी पाडून जमीन नव्याने विकसित करायची तर स्थूलमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला एक तृतीयांश मालकाला. नेमकी टक्केवारी जमिनीच्या आकारावर अवलंबून होती. सगळ्या गिरण्या याप्रमाणे मोडल्या असत्या तर शहराला सुमारे दोनशे एकर मोकळी जागा मिळाली असती, आणि माणशी मैदानाच्या बाबतीत कफल्लक असलेल्या मुंबईला तिचे मोल सांगायला नको. मालक पुढे आले नाहीत. जुनी बांधकामे तशीच ठेवून त्यांचा वापर बदलायला नियमात वाव होता, आणि त्यात वाटणी नव्हती. भिंती उभ्या राहिल्या, आतली माणसे बदलली. १९९६ मध्ये राज्य सरकारने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्याने केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडा करावा असे सुचवले, म्हणजे सुटे सुटे तुकडे न पडता सलग मैदाने आणि रस्ते मिळाले असते. अहवाल सादर झाला आणि तिथेच राहिला.

मग २००१ चा बदल आला. वाटणी गिरणीच्या आवारातल्या मोकळ्या जमिनीचीच होईल, आणि बांधकाम पाडून जी जमीन मोकळी होईल ती या हिशेबात धरायची नाही, असे ठरले. गिरणी म्हणजे मुळात बांधकामांनी भरलेले आवार. त्यामुळे एक तृतीयांश वाटा राहिला तो नावापुरता, क्षेत्रफळात त्याचा लहानसा अंश उरला. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने याविरुद्ध दाद मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी तो फिरवला आणि बदललेला नियम वैध ठरवला. नियम केला तो अधिकारात होता का, हे न्यायालयाने तपासले. नियम न्याय्य होता का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो निकालाने मिटत नाही. वर मांडलेल्या तिन्ही कसोट्या लावल्या तर २००१ चा बदल कोणत्याच कसोटीवर टिकत नाही. मालकाने जे कमावले नव्हते, कामगाराने एकट्याने घडवले नव्हते आणि सरकारला बहाल करण्याचा अधिकार नव्हता, ते एका पोटनियमाने एका बाजूला गेले.

बदलाच्या समर्थनार्थ सांगितले जाते की वाटणी सैल केल्याशिवाय जमीन हलली नसती, आणि जमीन हलली नसती तर कामगारांची थकलेली देणी कधीच मिळाली नसती. विक्रीची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून आधी देणी भागवायची आणि त्यावर देखरेख समितीने लक्ष ठेवायचे अशी तरतूद होतीच. व्यवहाराच्या बाजूने हा युक्तिवाद वजनदार आहे. त्यात एक अदलाबदल मात्र नजरेआड होते. ग्रॅच्युइटी, थकलेला पगार, भविष्य निर्वाह निधी हे कामगाराचे येणे होते, म्हणजे साधे कर्ज. कर्ज फेडल्याबद्दल बक्षीस मागता येत नाही. शहराच्या वाट्याची जमीन सोडून देऊन मालकाकडून त्याचेच देणे वसूल करायचे, म्हणजे एका सावकाराचे घर विकून दुसऱ्या सावकाराला चुकते करण्यासारखे झाले.

नियम ५८ मध्ये नोकरी आणि प्रशिक्षणाचे कलमही होते, आणि त्याची चर्चा फार कमी झाली. गिरणी दुसरीकडे हलवली किंवा मालकाने वेगळा उद्योग काढला तर जुन्या कामगाराला, किंवा त्याच्या कुटुंबातल्या निदान एका माणसाला, पात्रता असेल तर प्राधान्याने काम द्यावे, आणि भरती करण्याआधी उमेदवारांचे प्रशिक्षण मालकाने पुरे करावे, असे त्यात लिहिलेले होते. कलमाच्या दोन्ही अटी मालकाच्या मर्जीवर टांगलेल्या. गिरणी हलवण्याऐवजी बंद केली, उद्योग काढण्याऐवजी इमला विकला, तर शिकवायचे कोणाला आणि कशासाठी? चाळीस वर्षे साच्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला पन्नाशीत नवे कसब शिकवता येईल का, हाही प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नसते. कसब म्हणजे बोटांना आलेली ओळख. तुटलेले सूत डोळ्यांआधी बोटांना कळते. प्रशिक्षण ही न्यायाची भरपाई होऊ शकते, पण गमावलेल्या वस्तूच्या जातीची ती नसते. वस्तुस्थिती अशी की गिरणगावातली बरीच मुले शेजारच्या काचेच्या इमारतींत सुरक्षारक्षक म्हणून उभी राहिली, आणि त्यासाठी कोणी प्रशिक्षण दिले नाही.

घरांच्या बाबतीत सरकारने लॉटरीचा मार्ग धरला. म्हाडाच्या वाट्याला येणाऱ्या जागेतला निम्मा भाग कामगारांच्या घरांसाठी राखून ठेवला गेला. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत नोकरीला असलेल्यांना अर्ज करता आला. जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली, अर्ज होते सुमारे दीड लाख. घर २२५ चौरस फुटांचे. १ मार्च २०२० रोजी आणखी ३,८९४ घरांची सोडत झाली.

चिठ्ठी टाकणे अन्याय्य नसते. वस्तू थोडी, मागणारे सारख्याच हक्काचे, तर चिठ्ठीइतका निःपक्षपाती न्यायाधीश दुसरा नाही. मात्र त्याला दोन अटी आहेत. टंचाई खरी असावी, आणि दावा हक्काचा नसून संधीचा असावा. इथली टंचाई नियमाने घडवलेली होती. २००१ ची व्याख्या वेगळी असती तर घरांचा आकडा वेगळा असता. आणि कामगाराचा दावा हक्क म्हणून मान्य करून तो सोडतीत टाकायचा, यात आतूनच विसंगती आहे. सावकाराला कोणी सांगत नाही की तुझे पैसे आहेतच, पण चिठ्ठी निघाली तर मिळतील. खानावळवालीचे नाव या पेटीत पडतच नाही, कारण तिच्याकडे गिरणीचे तिकीट नाही, हजेरी नाही, निधीची पावती नाही.

पुढे उरलेल्या अर्जदारांना मुंबईबाहेर, शेलू आणि वांगणीच्या बाजूला घरे देण्याची योजना आली, आणि कामगार संघटनांनी तिला विरोध केला. हा विरोध हट्टाचा वाटू शकतो. घर ते घर, चार भिंती सगळीकडे सारख्याच. वाढीव मोलाच्या प्रश्नाकडे पाहिले तर तो तर्कशुद्ध आहे. वाटा ज्या मोलातला आहे ते मोल परळमध्ये आहे, वांगणीत नाही. दावा गरजेचा असेल तर वांगणी चालेल, वाट्याचा असेल तर चालणार नाही.

मोकळ्या जागेची उणीव तर कोणाच्या नावावरच चढत नाही. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, रोज येणाऱ्या माणसांचा लोंढा वाढला, परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही स्थानके आणि त्यांचे पूल तेवढेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण मेले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि सगळा दोष जमीनवाटपावर टाकणे चूक होईल. तरी सार्वजनिक वाटा हातचा गेला म्हणजे नेमके काय गेले, हे अशा ठिकाणी कळते. मैदान आणि रुंद रस्ता यांच्यासाठी अर्ज करणारा, सोडतीची वाट पाहणारा कोणी नसतो. ज्या मुलांचा जन्मच व्हायचा आहे त्यांचा वाटाही यातच होता, आणि त्यांच्या वतीने बोलायला फक्त सरकार होते.

संपकाळातले बहुतेक कामगार आता हयात नाहीत किंवा फार थकले आहेत, आणि त्यांच्या जागी वारस अर्ज करतात. सरकारने वारसांना मान्यता दिली आहे. गरज माणसासोबत संपते, मदत वारसाहक्काने मिळत नाही. वारशाने येते ती मालमत्ता आणि येणे. वारसाचा अर्ज स्वीकारताना सरकारने कामगाराचा दावा दुसऱ्या प्रकारचा आहे हे मान्य केले आहे. तसे असेल तर घरांच्या संख्येची अडचण सांगून तो दावा फेटाळता येत नाही, आणि बाकी राहिलेल्या घरांचा हिशेब म्हाडाच्या उपलब्धतेवरून न करता, वाढलेल्या मोलातून कोणाला किती गेले त्यावरून करावा लागेल.